'बाहेर नाहीत' म्हणजे नक्की कुठे आहेत? (प्लॉटिनस, नूस आणि जीव)

वळचण
रविवार, सकाळी ७:१०

गेल्या पावसाळ्यापासून प्लॉटिनस (तिसऱ्या शतकातला प्लेटोपंथी तत्त्वज्ञ) वाचतोय. पहाटेचा अर्धा तास, डाव्या हाताला इंग्रजी भाषांतर, उजव्या हाताला वही. वहीत मराठीतच लिहायचं अशी अट घालून घेतली आहे. इंग्रजी वाचताना सगळं कळतंय असं वाटतं, आणि मराठीत उतरवायला बसलं की काय कळलं नव्हतं ते उघडं पडतं. दोन आठवडे एका शब्दावर गाडी अडली आहे, म्हणून हा धागा.

आधी गोष्ट सांगतो, मग शब्द.

इ.स. २६३. पॉर्फिरी नावाचा तीस वर्षांचा तरुण ग्रीसहून रोमला येतो. अथेन्समध्ये लाँजायनसकडे शिकलेला, तयारीचा विद्यार्थी. रोममध्ये प्लॉटिनस शिकवत होता, साठीला टेकलेला. पॉर्फिरीचं मत असं, की प्लेटोने सांगितलेली रूपं (सौंदर्य, न्याय, समता, ज्यांच्यामुळे सुंदर गोष्ट सुंदर होते ती कधीच न बदलणारी मूळ रूपं) ही त्यांना जाणणाऱ्या बुद्धीच्या बाहेर, स्वतंत्र असतात. प्लॉटिनस म्हणायचा, बाहेर नसतात. पॉर्फिरीने थेट निबंधच लिहिला विरोधात. प्लॉटिनसने तो आपला जुना शिष्य अमेलिअस याच्याकडून वाचून घेतला, हसला आणि म्हणाला की अमेलिअस, ही गाठ सोडवणं तुझं काम, आपलं म्हणणं काय आहे ते माहीत नसल्यामुळे हा अडकलाय. अमेलिअसने बऱ्यापैकी जाडजूड उत्तर लिहिलं. पॉर्फिरीने त्याला उत्तर दिलं. अमेलिअसने पुन्हा लिहिलं. तेव्हा कुठे, मोठ्या मुश्किलीने, पॉर्फिरीला पटलं, आणि त्याने आपलं जुनं मत मागे घेणारा निबंध लिहून भर वर्गात वाचून दाखवला. हे सगळं त्याने स्वतःच गुरूच्या चरित्रात नोंदवून ठेवलंय. सतराशे वर्षांपूर्वीचा हा धागाच म्हणायचा, फरक इतकाच की शेवटी एकाने 'माझं चुकलं' म्हटलं.

आता एवढं पेटण्यासारखं त्यात काय होतं?

प्लेटोच्या 'टायमिअस' संवादात एक विश्वकर्मा आहे. तो एका शाश्वत नमुन्याकडे बघून जग घडवतो. नंतरच्या लोकांना प्रश्न पडला की हा नमुना त्या विश्वकर्म्याच्या समोर कुठेतरी मांडलेला आहे, की त्याच्या मनातला विचार आहे? प्लॉटिनसच्या आधीच्या शतकात बऱ्याच प्लेटोपंथीयांनी 'रूपं म्हणजे देवाचे विचार' असं उत्तर दिलं. ऐकायला गोड आहे. प्लॉटिनसला दोन्ही उत्तरं चालत नाहीत.

समोर मांडलेला आहे म्हटलं, तर बुद्धीच्या हाती काय लागणार? त्याचा ठसा. डोळ्याला झाड मिळत नाही, झाडाचं चित्र मिळतं, तसं. मग तो ठसा बरोबर उमटला की नाही हे कोण तपासणार? तपासायला मूळ वस्तू हवी, आणि ती तर बाहेर. म्हणजे जी बुद्धी सत्य जाणते म्हणून तिला आपण एवढ्या वर बसवलं, तिच्याकडे सत्य नाहीच, सत्याची झेरॉक्स आहे. तो उपहासाने विचारतो, की ही रूपं काय कुणा मूर्तिकाराने घडवून इकडेतिकडे मांडून ठेवलेल्या सोन्याच्या मूर्ती आहेत? खरं सत्य दुसऱ्या कशाशी जुळत नाही, ते स्वतःशीच जुळतं, असं त्याचं वाक्य आहे. यावर मी तीन दिवस थांबलो होतो.

आणि 'देवाचे विचार' म्हटलं तर उलटा घोटाळा. मग आधी विचार करणारा, नंतर विचार. त्याने न्यायाचा विचार केला म्हणून न्याय झाला, नसता केला तर नसता झाला. प्लॉटिनस म्हणतो, असं नाही. रूपं 'असतात', आणि त्यांचं असणं आणि त्यांचं जाणलं जाणं ही एकच घटना आहे. इथे तो अॅरिस्टॉटलकडून उसनवारी करतो: स्वतःलाच जाणणारं जाणणं. अॅरिस्टॉटलचा देव स्वतःला जाणतो, पण त्या स्वतःत काय आहे ते अॅरिस्टॉटल फारसं उघडत नाही. प्लॉटिनस ते कपाट उघडतो आणि आत प्लेटोची सगळी रूपं भरलेली निघतात.

त्या जाणण्याला ग्रीक शब्द आहे 'नूस'. इथे माझी गाडी अडली. वहीत आधी 'बुद्धी' लिहिलं. पण सांख्य दर्शनातली बुद्धी म्हणजे प्रकृतीचा (जड मूळ द्रव्याचा) पहिला विकार, स्वतः अचेतन. पुरुषाच्या, म्हणजे शुद्ध चेतनेच्या, प्रकाशात चेतन भासते इतकंच. नूस नेमकं उलट, तिथे जाणणं हेच अस्तित्व. शिवाय आपण रोजच्या बोलण्यात 'बुद्धी चालव' म्हणतो तेव्हा जे चालतं, पायरी पायरीने, 'म्हणून', 'तर', 'परंतु' करत, ते प्लॉटिनसच्या हिशेबात नूस नाहीच. ते जीवाचं काम. नूसला 'म्हणून' लागत नाही. आणि जीवाला, म्हणजे ग्रीकमधल्या 'सिखे'ला (psyche), 'आत्मा' लिहावं तर वेदान्त वाचलेला माणूस भलतीकडेच जाईल.

सुचवा. 'प्रज्ञा'? 'महत्'? 'चित्'? आणि माझं काही चुकत असेल तर सांगा, पॉर्फिरीइतका वेळ लावणार नाही.

दुपारचा_चहा
रविवार, सकाळी ९:३२

पयला! वाचनखूण साठवली आहे.

झेरॉक्सपर्यंत कळलं. पण मला एकदा उतरंड सांगा ना सरळ. कोण वर, कोण खाली?

वळचण
रविवार, सकाळी ११:०५

चहा, उतरंड शब्द चपखल आहे, पण मडकी एकमेकांपासून वेगळी असतात, तेवढं विसरा.

सगळ्यात वर 'एक'. त्याला तो 'चांगलं' पण म्हणतो, पण खरं तर काहीच म्हणायला तयार नसतो, कारण 'एक आहे' म्हटलं की 'एक' आणि 'आहे' असे दोन झाले. ते 'एक' इतकं भरलेलं आहे की त्यातून ओसंडतं. सूर्यातून उजेड, बर्फातून गारवा, अत्तरातून वास, हे त्याचेच दाखले. सूर्य काही उजेड द्यायचं ठरवत नाही आणि दिल्याने कमी होत नाही. हे जे ओसंडलं, ते वळून मुळाकडे पाहतं. त्या पाहण्यात ते नूस होतं. 'एक' त्याला एकसंध पेलवत नाही, म्हणून ते अनेक रूपांमध्ये दिसतं. नूस तसंच भरून ओसंडतं, तो जीव. जीवाला सगळं एकदम धरता येत नाही, म्हणून तो एकामागून एक धरतो, आणि हे 'एकामागून एक' म्हणजेच काळ. नूसचं जगणं म्हणजे शाश्वतता, जीवाचं जगणं म्हणजे काळ. घड्याळ, सूर्य, चंद्र हे काळ मोजतात, ते काळ नव्हेत.

जीवाचा खालचा काठ म्हणजे निसर्ग. आणि अगदी तळाला जड द्रव्य, जे जवळपास नाहीच.

'आधी', 'नंतर', 'ओसंडलं' ही क्रियापदं मी नाइलाजाने वापरतोय. हे कधीतरी घडलं असं नाही. सूर्य आहे तोवर उजेड आहे, तितकंच.

खडूफळा
रविवार, दुपारी २:४८

मी नववी-दहावीला गणित शिकवते. तत्त्वज्ञानात माझी मजल शून्य, पण या धाग्यावर मला माझा वर्ग दिसला म्हणून लिहिते.

पायथागोरसचं प्रमेय फळ्यावर सिद्ध करताना मी पायरी पायरीने जाते. काटकोन, समरूप त्रिकोण, गुणोत्तर, बेरीज. चाळीसातल्या पाच-सहा मुलांच्या चेहऱ्यावर एका क्षणी काहीतरी होतं. त्यांना पायऱ्या नाही दिसत, सगळं एकदम दिसतं. त्यानंतर त्यांना सिद्धता पाठ करावी लागत नाही, कुठूनही सुरू केली तरी येते. बाकीची पोरं पायऱ्या पाठ करतात आणि तिसरी विसरली की चौथी येत नाही.

तुम्ही म्हणताय ते नूस आणि जीव हे असंच काही का?

वळचण
रविवार, दुपारी ४:२०

ताई, हा दाखला त्याचाच आहे! एकदा नव्हे, अनेकदा देतो. शास्त्र आणि त्यातली प्रमेयं. प्रत्येक प्रमेय वेगळं मांडता येतं, पण प्रत्येकात अख्खं शास्त्र दडलेलं असतं. भूमितीज्ञ एक प्रमेय उलगडतो तेव्हा त्याच्या आधीची सगळी त्यात असतात आणि त्यातून निघणारीही. नूसमधली रूपं अशी राहतात. प्रत्येक रूप स्वतः आहे, आणि प्रत्येकात सगळी आहेत. पाचव्या नवकातलं एक वाक्य आहे (त्याचे ५४ लेख पॉर्फिरीने नऊ-नऊचे सहा गठ्ठे करून लावले, म्हणून 'नवक' म्हणतो), त्याचा आशय असा, की तिथे सूर्य म्हणजे सगळे तारे, आणि प्रत्येक तारा म्हणजे सूर्य आणि सगळे तारे.

आणखी एक तुम्हाला आवडेल. तो निसर्गाला बोलायला लावतो. निसर्गाला कुणी विचारलं, तू का घडवतोस, तर तो म्हणेल: विचारायला नको होतंस, गप्प राहून समजून घ्यायचं होतंस, जसा मी गप्प आहे. भूमितीज्ञ ध्यानात बघतात आणि रेघा काढतात. मी रेघा काढत नाही, मी नुसता बघतो आणि वस्तूंच्या रेघा आपोआप उमटतात.

खडूफळा
रविवार, रात्री ८:११

हे उद्या स्टाफरूममध्ये चिकटवते.

शून्यसिद्ध
रविवार, रात्री १०:४०

धागा चांगला आहे पण मूळ मुद्दा कुणी बोलत नाहीये. 'एक', त्यातून अनेक, शब्दात न सापडणारं तत्त्व, जीवाने मागे फिरून त्यात मिळणं, हे उपनिषदांत हजार वर्षं आधी आहे. प्लॉटिनस अलेक्झांड्रियात शिकला, भारताकडे यायला निघाला होता हे इतिहासात नोंदलेलं आहे. माल कुणाचा हे उघड असताना शब्द शोधत बसण्याची गरज काय? नूस म्हणजे ईश्वर, सिखे म्हणजे जीव, एक म्हणजे ब्रह्म. विषय संपला.

वळचण
सोमवार, सकाळी ६:५५

शून्यसिद्ध, निघाला होता हे खरं. पॉर्फिरी सांगतो की अलेक्झांड्रियात अकरा वर्षं अमोनिअस साक्कास या गुरूकडे काढल्यावर त्याला पर्शियन आणि भारतीय तत्त्वज्ञान जाणून घ्यायची ओढ लागली, आणि एकोणचाळिसाव्या वर्षी तो सम्राट तिसरा गॉर्डियन याच्या पर्शियावरच्या स्वारीबरोबर गेला. २४४ मध्ये गॉर्डियन मेसोपोटेमियात मारला गेला आणि हा कसाबसा जीव वाचवून अँटिऑकला पोचला. तिथून रोम. म्हणजे भारत राहिला बाजूला, पर्शियातही धड पोचला नाही. अलेक्झांड्रियाच्या बंदरात कुणा भारतीयाशी बोलला असेल का? असेलही. पण असण्याची शक्यता म्हणजे पुरावा नव्हे. विसाव्या शतकात एमिल ब्रेइए या फ्रेंच अभ्यासकाने भारतीय प्रभावाची बाजू जोरात मांडली आणि १९३६ मध्ये आर्मस्ट्राँग या इंग्रज अभ्यासकाने तिला उत्तर दिलं, की हे सगळं ग्रीक परंपरेच्या आतूनच उलगडतं. आर्मस्ट्राँगचं मला जास्त पटतं, कारण प्रत्येक पायरीवर प्लॉटिनस प्लेटो आणि अॅरिस्टॉटलशीच भांडत असतो.

पण त्याहून महत्त्वाचं: समीकरण जिथे जुळत नाही तिथेच मजा आहे. शांकर अद्वैतात भेद शेवटी मिथ्या. नूसमधले भेद मिथ्या नाहीत. न्याय म्हणजे सौंदर्य नव्हे, घोडा म्हणजे माणूस नव्हे, हे भेद प्लॉटिनससाठी शाश्वत आहेत, खरे आहेत, जगाहून खरे आहेत. ब्रह्माच्या खालोखाल एवढी गजबजलेली, ठसठशीत भेदांची आणि तरीही पूर्ण सत्य असलेली पातळी आपल्याकडे कुठे ठेवायची? म्हणून शब्द शोधतोय.

शून्यसिद्ध
सोमवार, सकाळी ९:०२

रामानुजांच्या विशिष्टाद्वैतात ठेवा. तिथे भेद खरे.

वळचण
सोमवार, सकाळी ९:४०

हा मुद्दा आहे. मान्य. तिथे माझा अभ्यास कच्चा आहे, तुम्ही वेगळा धागा काढा, मी पहिला प्रतिसाद देतो.

जमाखर्च
सोमवार, दुपारी १२:१५

मी लेखापरीक्षक. मला न दिसणाऱ्या मालमत्तेची धास्ती असते. ही रूपं किती? यादी आहे का? वडापावचं रूप आहे का? गटारातल्या चिखलाचं? डासाचं? घोड्याचं आहे आणि डासाचं नाही, हे कुणी ठरवलं? आणि प्रत्येक गोष्टीचं मूळ वर ठेवायचं तर जगाची दुसरी प्रत काढून ठेवली, एवढंच झालं. एकाच मालाच्या दोन नोंदी. आमच्याकडे याला शेरा मारतात.

(हलके घ्या. पण उत्तर द्या.)

पाटीपेन्सिल
सोमवार, दुपारी १:५०

जमाखर्च, तुमचा शेरा प्लेटोनेच प्लेटोवर मारून ठेवलाय. 'पार्मेनिडीझ' संवादात म्हातारा पार्मेनिडीझ तरुण सॉक्रेटिसला विचारतो: केस, चिखल, मळ यांचीही रूपं आहेत का? सॉक्रेटिस गांगरतो, नाही म्हणतो, पण त्याला खात्री नसते. पार्मेनिडीझ म्हणतो, तू अजून लहान आहेस, लोक काय म्हणतील याची तुला भीती वाटते.

प्लॉटिनसने पाचव्या नवकाच्या शेवटच्या लेखात याचा निकाल लावायचा प्रयत्न केलाय. चिखल, कुजण्यातून होणाऱ्या गोष्टी, यांची रूपं वर नाहीत असं तो म्हणतो. नूस वरून जे आणतं ते उत्तमच असतं, हे खालच्या गडबडीत होतं. मला हे उत्तर पळवाट वाटतं. डास स्वतःच्या परीने अत्यंत उत्तम रचलेला आहे. मच्छरदाणीत रात्र काढलेल्या कुणालाही विचारा.

वडापाव मात्र गंभीर प्रश्न आहे. माणसाच्या हातच्या वस्तूंचं रूप वेगळं नसतं, त्या कलेचं मूळ माणसाच्या रूपात असतं, अशी काहीशी त्याची दिशा आहे. म्हणजे वडापाव मनुष्यत्वात अंतर्भूत. माझ्या मते बरोबर.

जमाखर्च
सोमवार, दुपारी २:०५

शेवटचं वाक्य मंजूर. दोन नोंदींचं काय?

वळचण
सोमवार, रात्री ९:३०

दोन नोंदी होतात, जर रूपं 'बाहेर' असतील तर! जगाची एक प्रत इथे, एक तिथे गोदामात. म्हणूनच तो बाहेर ठेवायला तयार नाही. नूस हे गोदाम नाही आणि रूपं हा माल नाही. प्रत्येक रूप स्वतः एक जाणणं आहे, जिवंत आहे, तो तर प्रत्येक रूपाला नूसच म्हणतो. मूर्तिकाराचा त्याचा दाखला बघा. दोन दगड शेजारी, एक ओबडधोबड, दुसरा घडवलेला. घडवलेला सुंदर आहे तो दगड म्हणून नव्हे, नाहीतर पहिलाही असता. सौंदर्य मूर्तिकाराकडून आलं, पण त्याच्या हातांतून नव्हे, त्याच्यातल्या कलेतून. आणि ते कलेत जेवढं होतं तेवढं दगडात आलं नाही, दगडाने जेवढी वाट दिली तेवढंच आलं. म्हणजे दगड ही दुसरी नोंद नाही. त्याच एका नोंदीचा फिकट कार्बन आहे.

जाता जाता, तुमच्या धंद्याचं. हा माणूस देहाची लाज वाटल्यासारखा वागायचा, चित्र काढून घ्यायला बसेना, वाढदिवस सांगेना. तरी रोममधली बडी मंडळी मरताना आपली मुलं-मुली आणि त्यांची मालमत्ता त्याच्या हवाली करून जायची. घर पोरांनी भरलेलं. आणि तो त्यांचे हिशेब स्वतः बसून तपासायचा. म्हणायचा, ही मुलं तत्त्वज्ञानाकडे वळत नाहीत तोवर त्यांची मालमत्ता आणि उत्पन्न त्यांच्याकडे शाबूत राहिलं पाहिजे.

जमाखर्च
सोमवार, रात्री ९:५२

हे आधी सांगायचं होतं. आता वाचतो.

निंबोणी
मंगळवार, रात्री १:२०

मी इथे फक्त वाचते, लिहीत नाही. पण हा धागा दोनदा वाचला.

माझ्या आईला चार वर्षांपासून स्मृतिभ्रंश आहे. गेल्या दिवाळीपासून ती मला ओळखत नाही. मला 'बाई' म्हणते, अदबीने, चहा घेणार का विचारते. तुमच्या या माणसाचं स्मृतीबद्दल काही म्हणणं आहे का? सांत्वन नको आहे. खरंच काय म्हणतो तेवढं सांगा.

वळचण
मंगळवार, सकाळी ७:३०

आहे, आणि बरंच आहे. जसं आहे तसं लिहितो.

एक: त्याच्या मते स्मृती देहाची नाही, जीवाची. देह उलट अडथळा. देह वाहता आहे, सतत बदलता, म्हणून तोच विसरायला लावतो. ग्रीकांची ती विस्मृतीची नदी, लीथी, ती म्हणजे हा देहच, असं तो सुचवतो. आज आपण मेंदूबद्दल जे जाणतो ते याच्या विरुद्ध जातं हे मला माहीत आहे.

दोन, आणि हे कठीण आहे. जीव वर नूसपाशी पोचला की त्याला इथलं काही आठवत नाही. आपण कोण होतो तेही नाही. आठवायला काळ लागतो आणि तिथे काळ नाही. चांगला जीव विसराळू असतो असं म्हणायला हरकत नाही, इथपर्यंत तो जातो.

निंबोणी
मंगळवार, सकाळी ८:०४

मग ते आणि हे एकच का? आई वर गेल्यामुळे विसरली का?

वळचण
मंगळवार, सकाळी ८:३१

नाही. तो तसं म्हणत नाही, आणि मीही म्हणणार नाही. वरचं विसरणं हे सगळं समोर असल्यामुळे आठवायची गरज न उरणं आहे. तुमच्या आईचं तसं नाही.

पाटीपेन्सिल
मंगळवार, सकाळी १०:१५

निंबोणी, एक भर घालतो, उपयोगी वाटली तर ठेवा. प्लॉटिनस म्हणतो की आपल्याला जाणीव असणं आणि आतलं जाणणं चालू असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जाणीव आरशासारखी. आरसा शांत असला तर प्रतिबिंब दिसतं. आरसा फुटला तर प्रतिबिंब जातं, पण ज्याचं प्रतिबिंब होतं ते जात नाही. त्याचा दुसरा दाखला साधा आहे: जो वाचनात बुडालाय त्याला 'मी वाचतोय' हे ठाऊक नसतं, आणि म्हणून त्याचं वाचन कमी होत नाही, उलट गाढ होतं.

त्याच्या मते जीव पूर्ण खाली उतरतच नाही. काहीतरी कायम वर राहतं. आपल्या लक्षात येत नाही कारण खालचा गोंगाट मोठा.

हे मत त्याच्या स्वतःच्या परंपरेनेही नाकारलं, तेही सांगायला हवं. सीरियाच्या आयॅम्ब्लिकसने विचारलं, की आपल्यातला उत्तम भाग सदैव आनंदात असेल तर आत्ता, या क्षणी, आपण सगळे सुखी का नाही? अथेन्सच्या प्रॉक्लसने पाचव्या शतकात तर सिद्धान्तच लिहून टाकला की प्रत्येक जीव उतरतो तो अख्खाच उतरतो. मग वर जायचं तर नुसत्या चिंतनाने भागत नाही, देवांची मदत लागते, विधी लागतात. अर्धी भांडणं इथून पुढे याच एका मुद्द्यावर आहेत.

माझा कल आयॅम्ब्लिकसकडे आहे. दुखतं तेव्हा अख्खं दुखतं.

निंबोणी
मंगळवार, रात्री ११:४८

आरशाचं ठेवते. आयॅम्ब्लिकसचंही ठेवते. काल तिला पाटपाण्याचं गाणं गुणगुणताना ऐकलं, शब्द एकही चुकला नाही. कुणाची स्मृती ती, देव जाणे.

दुपारचा_चहा
बुधवार, सकाळी ८:५५

यापुढे विनोद करायची इच्छा उरली नाही, तरी विचारतो: वर 'मी कोण होतो' हेही आठवत नसेल तर वर 'मी' उरतो कशाला? सगळे जीव एकच सरमिसळ?

वळचण
बुधवार, दुपारी १:१०

चहा, बरोबर जागी बोट ठेवलंत. त्याचा एक छोटासा लेखच या प्रश्नावर आहे: एकेका व्यक्तीचंही रूप असतं का? माणसाचं एक रूप पुरे, की सॉक्रेटिसचं वेगळं? प्लेटोपंथात सर्वसाधारणपणे वेगळं नसतं. प्लॉटिनस तिथे 'असतं'कडे झुकतो. सॉक्रेटिस आणि दुसरा कुणी यांच्यातला फरक नुसता नाकाच्या आकाराचा नाही, तो फरक मुळातूनच येतो. अभ्यासक यावर भांडतात, कारण दुसरीकडे तो वेगळं लिहितो. पण मला हा लेख प्रिय आहे. स्मृती नसेल, नाव नसेल, पण तुमचं 'तुम्ही असणं' त्या गजबजाटात शाश्वत जागा धरून आहे. पुन्हा प्रमेयाचा दाखला. शास्त्रात मिसळलेलं, तरी एक स्वतंत्र प्रमेय.

जीव देहात कसा आहे, हा प्रश्न पॉर्फिरी एकदा सलग तीन दिवस विचारत राहिला. वर्गात थॉमेसिअस नावाचा एक गृहस्थ आला होता, त्याला लिहून घेता येईल असं सरळ व्याख्यान हवं होतं, हे प्रश्नोत्तर त्याला सोसेना. प्लॉटिनस म्हणाला, पॉर्फिरीच्या शंका सोडवल्या नाहीत तर लिहून घेण्यासारखं बोलायला आपल्याकडे काही राहणारच नाही.

खडूफळा
बुधवार, संध्याकाळी ५:३०

हेही स्टाफरूममध्ये.

शब्दाचं काय झालं पण? मला 'प्रज्ञा' बरा वाटला होता.

शून्यसिद्ध
बुधवार, संध्याकाळी ७:१५

'प्रज्ञा' बौद्धांकडे दुसऱ्या अर्थाने पक्का झालेला आहे. 'महत्' सांख्यांचा, 'चित्' आमचा. मी आधी समीकरणं मांडली ती मागे घेत नाही, पण एक सांगतो: 'नूस'च ठेवा. परका शब्द निदान खोटं बोलत नाही. आणि सिखेला 'जीव' ठीक आहे. 'आत्मा' घालू नका, सगळे माझ्यासारखे धावून येतील.

वळचण
गुरुवार, सकाळी ६:४०

ठरलं. नूस आणि जीव.

आता एकच वाक्य राहिलं, सोन्याच्या मूर्तींचा टोमणा ज्यात आहे त्या लेखाच्या शीर्षकाचं. वहीत मी लिहिलंय: 'रूपे नूसच्या आत आहेत.' वाचायला साफ आहे. कुणाला खटकतंय का?

पाटीपेन्सिल
गुरुवार, सकाळी ९:२०

मला खटकतंय. 'आत' म्हटलं की डबा आला. डब्यात लाडू. परत जमाखर्चांचं गोदाम. ग्रीकमध्ये ते शीर्षक नकारार्थी आहे ना? 'बाहेर नाहीत' असं?

वळचण
गुरुवार, सकाळी ९:४५

हो, नकारार्थीच आहे. शीर्षकं त्याने स्वतः दिलीच नव्हती. डोळे अधू असल्याने लिहिलेलं परत वाचतही नसे. शीर्षकं वर्गातल्यांनी आपापल्या परीने दिली, त्यातली रुळली ती रुळली. हे रुळलं तेव्हा वर्गात पॉर्फिरी असणार, ज्याने 'बाहेर आहेत' असा निबंध लिहून पुढे मागे घेतला.

'आत' खोडतो. 'रूपे नूसच्या बाहेर नाहीत.'

जमाखर्च
गुरुवार, सकाळी ९:५१

'बाहेर' हा शब्द अवतरणात टाका.

वळचण
गुरुवार, सकाळी १०:०२

टाकला.